चिंधीचा बुधवार

१४ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी धुके. गुडघा दुखतो आहे, तेल लावले. दूध नासले. शिंपीमास्तरांकडे कोट आणायला गेले, जेवणाच्या वेळी परत. कोट आणला नाही. मास्तरांनी कुत्री देऊन टाकली, की ती कोणी नेली, ते मला अजून नीट कळलेले नाही.

मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, डायरीत जे पाहिलं तेवढंच लिहावं, जे वाटलं ते देवाला सांगावं. इतकी वर्षं तसंच लिहीत आले. पण आज जे पाहिलं ते चार ओळींत बसेना, म्हणून हे वेगळ्या कागदांवर.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं दुकान आहे. पुढे मशीन आणि बेतायचं टेबल, मध्ये पडदा, पडद्यामागे खाट आणि स्टोव्ह. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा संसार त्या पडद्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. माणूस गोड, हातात कसब. पण कोणीही काहीही शिवायला टाकलं की मान वर न करता म्हणणार, ‘बुधवारी या.’ बुधवारी गेलं की, ‘काजं राहिलीत, पुढच्या बुधवारी नक्की.’ नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. आमच्या ह्यांचा लोकरी कोट मी माझ्या मापाचा करायला टाकला तेव्हा घरोघर पंखे चालू होते. आता स्वेटर निघाले.

कुत्री आली ती त्याच सुमारास. टेबलाखाली कापडाच्या तुकड्यांचा ढीग असतो, त्यात येऊन झोपली. मास्तरांनी हाकलली नाही, कारण त्यांना ती दिसलीच नाही. तुकडे आवरायला हात घातला तर ढीग उठून उभा राहिला. “बाई, मी घाबरून टेबलावर, ती घाबरून खाटेखाली,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचे. तिचं नाव पडलं चिंधी. मास्तर आपल्या ताटातला घास तिला हाताने भरवत.

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुई ओवायला दुकानात येईल त्याला बसवायचे, आणि वर दोष द्यायचा दोऱ्याला, नाहीतर उजेडाला. शेवटी मुलीने ठरवलं की ऑपरेशन करायचं आणि पुढे बाबांनी तिच्याकडेच राहायचं. ती उद्या, गुरुवारी, न्यायला येणार. पण जावयांना कुत्र्याच्या केसांनी दम लागतो. म्हणजे त्याआधी चिंधीला घर मिळायला हवं, नाहीतर ती पुन्हा रस्त्यावर. गेले काही दिवस मास्तर दिसेल त्याला विचारत होते, “कुत्री हवी का? गुणी आहे हो.”

आज मी पोचले तर बेकरीवाले हातात दोरी घेऊन उभे. मास्तरांनी बुधवारी न्या म्हणून सांगितलं होतं म्हणे. मी स्टुलावर बसते न बसते तोच चित्रकलेचे सर आणि त्यांच्या बाई आत आल्या. त्यांच्याकडे नवाकोरा पट्टा आणि स्टीलची वाटी.

“बुधवार आज ना?” सरांनी विचारलं.

मास्तर मशीन चालवत राहिले. मशीनखाली कापड नव्हतं.

“मास्तर,” मी म्हटलं, “किती जणांना शब्द दिलाय?”

“हो म्हणाले त्यांना म्हटलं, बुधवारी या.”

“सगळ्यांना?”

“बुधवारी कोणी खरंच येतं का बाई? आणि आलंच तर परत जातं.”

मी हळूच विचारलं, “तुम्हाला ती द्यायची आहे की नाही?”

“द्यायची आहे की.”

“मग?”

“मग काय. उद्या मुलगी येणार.”

यातून मी काय समजायचं? इकडे त्या दोघांची जुंपली होती.

“माझ्याकडे पिठाची पोती आहेत, उंदरांनी उच्छाद मांडलाय,” बेकरीवाले म्हणाले.

“ती मांजर आहे का?” सरांच्या बाई म्हणाल्या.

“भुंकेल तरी!”

“भुंकली की उंदीर राहतील आणि गिऱ्हाईक पळेल.”

या आरडाओरड्याने चिंधी टेबलाखालून निघाली ती थेट माझ्या मांडीवर, निळ्या स्कर्टवर. मला मांजरही मांडीवर घ्यायची सवय नाही. तिला धरू की ढकलू, कळेना. धरून बसले.

एवढ्यात बँकेच्या रखवालदाराची बायको आली. बुधवारचं हे तिसरं गिऱ्हाईक. पण ती दारातूनच म्हणाली, “मास्तर, आमच्या ह्यांना तुम्ही कुत्री देणार म्हणालात. नको हं. दोन खोल्या, त्यात सासूबाई. तेवढंच सांगायला आले.”

सगळ्यांना हायसं वाटलं. जाता जाता तिने चिंधीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि थांबली. कान उलटा करून बघितला.

“अहो, हा कान आतून पिकलाय! आजी, तुमच्या मांडीवर आहे, वास नाही आला?”

“मला सर्दी आहे,” मी म्हणाले, आणि ती खरंच होती.

मास्तर उठून आले. “ती डोकं झाडायची सारखी. मला वाटलं, माशा.” त्यांनी बोटांनी कान चाचपला, तशी ती कळवळली. चष्मा पुसला, पुन्हा घातला, अगदी नाक लागेपर्यंत वाकून बघितलं.

“मला दिसत नाही,” ते म्हणाले. दोऱ्याचं, उजेडाचं काही काढलं नाही.

“दवाखाना बंद व्हायच्या आत न्यायला हवं,” रखवालदाराची बायको म्हणाली. “उठा कोणीतरी.”

“तू ने,” मास्तर म्हणाले.

“मी? अहो, मी नको म्हणून सांगायला आलेय!”

“ऐकलं ना मी. तूच ने.”

“आणि आम्ही?” बेकरीवाल्यांनी विचारलं.

“नाही,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला नाही. सर, तुम्हालाही नाही.”

मास्तरांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सर पट्टा पुढे करून उभे राहिले. मास्तरांनी तो चिंधीला घातला. बक्कल सापडायला वेळ लागला, पण मदत कोणाची घेतली नाही. सरांच्या बाईंनी वाटीही देऊन टाकली, रागाने की मायेने, सांगता येणार नाही.

“फक्त कान बरा होईपर्यंत हं! सासूबाई मला घराबाहेर काढतील.”

“तोपर्यंतच गं,” मास्तर म्हणाले. ते दोघांनाही खरं वाटत होतं की कोणालाच नाही, कोण जाणे.

ती कुत्रीला घेऊन गेली. मास्तर दारात उभे होते.

“बाई, तिने मागे बघितलं का?”

चिंधी कोपऱ्यावरच्या खांबाचा वास घेत होती. “खांबाशी थांबली होती,” मी म्हटलं.

“मग बघितलं असेल.”

कोटाचं विचारायला तोंड उघडेना. मी घरी आले.

कुत्री देताना त्यांनी नीट विचार केला, की वैतागून समोर दिसली तिच्या गळ्यात घातली? संध्याकाळी कामावर निघालेला रखवालदार भेटला. म्हणाला, औषध घातलंय. त्याच्या आईने सुनेशी अबोला धरलाय आणि कुत्रीसाठी स्वतःच्या खाटेखाली जुनं ब्लँकेट घातलंय. “तिकडून कोणी हलवायचं नाही म्हणते,” तो म्हणाला, आणि मला विचारायला लागला, “आजी, आता याचा अर्थ काय?” मला काय ठाऊक! पण परत जाऊन मास्तरांना तेवढं सांगितलं. ते बॅग भरत होते. ऐकून खाटेवर बसले.

रात्रीची नोंद: निळा स्कर्ट साबणाच्या पाण्यात भिजत घातला. केस निघाले नाहीत. उद्या ब्रशने काढणे.