सायलेन्सर बदलू की नको

आमच्या पिकअपचा सायलेन्सर मासळीने खाल्ला. हसू नका, खरंच. धक्क्यावर मासळी भरली की वाटेत बर्फ वितळतो, ते खारट पाणी हौद्याच्या फटींतून गळतं ते थेट सायलेन्सरवर. लोखंड तरी किती सोसणार! पहिलं भोक पडलं तेव्हा बायको होती. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिने बाजारात बसणं सोडलं होतं, दुपारी घरीच असायची.

मी म्हटलं, वेल्डिंग करून आणतो. ती मला अरे-तुरेच करायची, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणाली, "राहू दे रे. देवळाच्या वळणावर आलास की मला घरात कळतं. भाकरी तव्यावर टाकायला बरं."

तेव्हापासून मी वळणावर मुद्दाम एकदा रेस द्यायचो. गाडी भडभडली की आमच्या गल्लीतली मांजरं ओट्यावर हजर. बायको दारात येऊन त्यांना हाक मारायची, "या गं पोरींनो, तुमचा बाप आला!" मी चिडायचो. चारचौघांत काय हे! मग माशांची डोकी ती त्यांना वाटायची आणि मी गरम भाकरी खायला बसायचो.

गेल्या वर्षी ती गेली. रेस द्यायची माझी सवय गेली नाही. मांजरं यायची, मी पिशवी ओट्यावर उपडी करायचो आणि कुलूप उघडायचो. त्यांच्याशी बोलणं हे तिचं खातं होतं, मला जमत नाही. धक्क्यावर भाव विचारले की दिवसभराचं माझं बोलणं संपायचं.

लेक मुलुंडला दिली आहे. एकदा माझ्या शेजारी केबिनमध्ये बसली आणि खोकून बेजार झाली. "बाबा, हा धूर तू रोज खातोस? पीयूसी तरी कोण देणार हिला? बदल आधी!"

चारकोपच्या इस्टेटमधला मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला तेच मान हलवत. "काका, पुरती वाट लागलीय. साधा लोखंडी टाकलात तर परत तेच रडगाणं. स्टेनलेसचा टाका, खाऱ्या पाण्याला दाद देणार नाही. आणि आवाज? शेजारी उभ्या माणसाला कळणार नाही गाडी चालू आहे ते. झकास!"

"विचार करून सांगतो," म्हटलं आणि निघून आलो. विचार कसला करायचा होता? स्टेनलेस बरा, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण मला भीती वाटत होती. गेलेलं माणूस ऐकतं का, मला ठाऊक नाही. ऐकत असेल, तर ती वळणाकडे कान लावून बसलेली असणार, आणि मी गुपचूप येऊन दारात उभा राहिलो तर तिला कळायचं कसं? हे लेकीला सांगितलं असतं तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून गप्प राहिलो, आणि खोकत राहिलो.

शेवटी लेकच आली, मला इस्टेटमध्ये घेऊन गेली आणि स्टेनलेसचा बसवून घेतला. जुना सायलेन्सर मेकॅनिकने भंगारात टाकला. मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या वळणावर पाय आपोआप दाबला गेला. गाडी नुसती हुंकारली. घरासमोर उतरलो तर ओटा रिकामा. एक मांजर नाही. हातात डोक्यांची पिशवी, खिशात किल्ली, आणि समोरचं बंद दार. पिशवी ठेवून आत जावं म्हटलं, पण पाय उचलेना.

घसा खाकरला. इकडे तिकडे बघितलं.

"या गं पोरींनो," मी म्हटलं. आवाज फाटला. पुन्हा म्हटलं, जोरात, दाराकडे तोंड करून, "या गं! तुमचा बाप आला!"

पत्र्यावरून एक उतरली. मग गटाराकडून दुसरी. मी दाराकडेच बघत उभा होतो.