चेरीच्या टेबलावरचे पापड

आमच्या घरात लाकडातलं सगळ्यात जास्त मला कळतं, असं मी सोडून कुणीच म्हणत नाही.

नात सारिका लग्न होऊन हिंजवडीला गेली. तिला जेवणाचं टेबल द्यायचं ठरलं. पिरंगुटच्या वखारीत तिनं फिक्कट गुलाबी फळी उचलली.

"आजी, हे चेरीचं लाकूड."

"चेरी? केकावरची?"

"परदेशातलं झाड असतं गं!"

मी फळी वाजवली, हुंगली. "फणस घे. माझ्या लग्नातला पाट फणसाचा. त्याच्यावर बसून जेवलेली माणसं गेली, पाट हाय!" (वखारवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझ्याशी बोलताना माणसं वळतात.)

चेरीच आली. बबन सुतारानं आमच्या अंगणात टेबल केलं नि चादर टाकली. "मावशी, शनिवारी तेल लावतो. तवर झाकून ठेवा. ह्ये लाकूड उन्हानं रंगतं."

"रंगतं व्हय! नवरी हाय का ती?"

रविवारी सारिकाची सासरची माणसं त्या टेबलावर पहिल्यांदा जेवणार होती. पण बबनची पाठ वळली नि मला दिसलं, एवढं सपाट, न वाकता हात पोचेल असं! चादर काढली, आरपार दिसणारं प्लास्टिक अंथरलं, वर नाचणीचे पापड घातले. दोन दिवस ऊन कडक!

शनिवारी पापड उचलले. टेबल तांबूस, त्यावर बावीस फिक्कट चंद्र!

राखेनं घासलं. चिंच लावली. चंद्र हलेनात. तेवढ्यात बबन आला.

"मावशी, ह्ये काय?"

"तुजंच लाकूड फसवं. आपोआप उमटलं."

"आपोआप? गोल?"

"शेळ्या चढल्या असत्याल."

"शेळ्या गोल असत्यात व्हय?"

सारिका आली. तिनं स्वतः निवडलेली, तिच्या संसारातली पहिली वस्तू. मला वाटलं आता रडणार. तिनं एका गोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काका, तेल लावा. नक्षी म्हणून सांगते. आजी, तू उद्या तोंड उघडायचं न्हाई."

(आज टेबल सगळीकडून गडद झालंय. गोल शोधूनही सापडत नाहीत. मला शोधावेसे वाटतात, ते सोडा.)

रविवारी सगळे जेवायला बसले. सारिकाच्या सासूबाईंनी नक्षीचं कौतुक केलं. सारिकाचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवलं.

"अगं, हा चावलाय कुणी? नि मधला दात न्हाई त्याला!"

(अर्धवट वाळलेल्या पापडाचं मीठ चाखून तो परत जागेवर ठेवायची माझी सवय आहे.)

सारिकानं डोळ्यांनी खुणावलं. पण मला राहवलं नाही.

"मी न्हाई!" मी म्हणाले. चांगलं तोंड उघडून.