पूजेबाहेरचा शिकंजा

माझ्या नाकावर राग असतो, असं घरात सगळे म्हणायचे. खोटं नाही ते. पण त्या खंडेनवमीला जसा राग आला तसा पुन्हा कधी आला नाही, आणि तो आला होता आईचा.

आमची मोटारदुरुस्तीची शेड विट्याच्या बाहेर, कराडच्या वाटेला. मागच्या अंगाला घर. लढाईचे दिवस होते. पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं, प्रवाशांच्या सर्विस मोटारी पाठीवर भट्टी बांधून कोळशाच्या गॅसवर चालायच्या, आणि सुटा भाग मागितला की दुकानदार नुसता हसायचा. माझा थोरला भाऊ, दादा, पलटणीत होता. रजेवर आला होता. रजा संपली, आणि त्या संध्याकाळची रेल्वे त्याला कराडला गाठायची होती. ती चुकली की हजेरी चुकली, आणि हजेरी चुकली की माणूस भगोडा. शेजारच्या गावात अशा एकाच्या दारात पोलीस येऊन बसले होते. त्याच्या बायकोनं पुढं कितीतरी दिवस पाणवठ्यावर तोंड दाखवलं नाही. बैलगाडीनं निघावं तर कराड दुसऱ्या दिवशी. मोटार दिवसाला एकच.

ती एकुलती एक मोटार सकाळी आमच्या दारापर्यंत कशीबशी आली आणि थांबली. इंजिन बोंबलतंय, चाकं जागची हलत नाहीत. ड्रायव्हर खाली उतरला, टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "क्लच गेला गड्या. आत कायतरी तुटलंय."

आता क्लच म्हणजे काय, तर इंजिनाची आणि चाकांची गाठ घालणारी तबकडी. तिला गच्च धरून ठेवायला जाड स्प्रिंगा असतात, लोखंडी टोपणाखाली दाबून बसवलेल्या. टोपण उघडायचं तर आधी त्या दाबून धरायच्या, मग नट काढायचे, मग हळूहळू ढिल्या सोडायच्या. घाई केली की स्प्रिंग गोळीसारखी सुटते. आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, डावा डोळा अशाच स्प्रिंगेनं नेला. तेव्हाची पद्धतच तशी. टोपणावर फळी ठेवायची, फळीवर दोन माणसं उभी करायची आणि तिसऱ्यानं खाली वाकून नट काढायचे. तिसरे आबा होते. वरच्या एकाला शिंक आली.

त्यानंतर आबांनी लोहाराकडून जाड मळसूत्र पाडून घेतलं आणि स्प्रिंगा दाबायचा शिकंजा केला. आबा गेले, शिकंजा राहिला. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं झोपतात. पाने, हातोडे, छिन्न्या, कानशी सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू वाहायचा, आणि दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. शिकंजा मात्र आबा कधी पूजेत मांडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "त्यो जागा असल्याला बरा. कवा कुणाची मोटार अडंल, सांगता येतं व्हय?"

मी शिकंजा आणायला शेडच्या कोपऱ्यात गेलो, तर जागा रिकामी. घरात आलो. देवीसमोर पाटाच्या मधोमध शिकंजा. वर हळदकुंकू, झेंडूची माळ, लिंबू. आई शेजारी वात वळत बसलेली.

"आई, ह्यो हितं कुणी आणला?"

"मी."

"ह्यो कवा पूजेत असतोय गं?"

"हत्यार न्हाई का त्ये?" तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "निजलंय आता. उद्या सांजंला उठंल."

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन माणसांनी उचलायचं ते धूड हिनं एकटीनं पहाटे आत आणलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. कशासाठी, तेही कळलं. मोटार बिघडणार हे काही तिला ठाऊक नव्हतं, पण कोळशाच्या गॅसवरची मोटार आज ना उद्या आमच्या दारात अडतेच, त्यावर तिनं आपली आशा लावली होती. मी बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. लेकाला भगोडा करायला निघालीस का, एवढं तर नक्कीच बोललो. ती वात वळत राहिली. पाटावर हात घालायची धमक मात्र माझ्यातही नव्हती. राग कितीही असो, निजलेलं हत्यार उचलणारा मी कोण?

दादानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. तो कधी आवाज चढवायचा नाही. सगळा राग माझ्याच वाट्याला आलेला.

"डायवरचं पानं हायतंच की," तो म्हणाला. खरंच, मोटारीतल्या पिशवीतले पाने पूजेला लागले नव्हते. मोटारीची पूजा दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला.

"पानं हायती, पर दाबू कशानं? तू आन् डायवर फळीवर हुबं ऱ्हाताय का?"

"न्हाई. नवा शिकंजा करू. नव्या हत्याराची पूजा झालीया व्हय?"

मग तिघंही कामाला लागलो. ड्रायव्हर आणि दादा मोटारीखाली शिरून गिअरबॉक्स उतरवू लागले आणि मी शेडमागचं भंगार उपसू लागलो. कापायला करवत नाही, भोक पाडायला काही नाही. जे आहे ते आहे तसंच वापरायचं. मोटारीच्या चाकांवरच्या पाट्यांच्या, म्हणजे चपट्या पोलादी पट्ट्यांच्या, जुडग्यातली दोन सगळ्यांत आखूड पानं सापडली. पाट्याच्या पानाला मधोमध भोक असतंच. ती दोन पानं एकमेकांवर फुलीसारखी ठेवली की चार टोकं टोपणाच्या कडेवर बसत होती. खाली ब्रेकचा जुना ड्रम पालथा घातला. आता या सगळ्यातून आरपार जाणारा लांब बोल्ट हवा होता. एका मेलेल्या लॉरीच्या लाकडी सांगाड्यात तो मिळाला, गंजलेला. रॉकेल लावून, चिंधीनं घासून नट फिरता केला. मध्यावर आटे झिजलेले होते. ते मला दिसलं, पण दुसरा बोल्ट नव्हता.

क्लच बाहेर निघाला तोवर सूर्य डोक्यावरून कलला होता. ड्रायव्हर सारखा कराडच्या दिशेला बघायचा. क्लच ड्रमावर ठेवला, पानांची फुली घातली, बोल्ट ओवला. दादानं पाना हातात घेतला.

"दे हिकडं," मी म्हणालो. "तुझा डोळा गेला तर पलटण नवा देनार हाय का?"

"आन् तुझा गेला तर?"

"मला बंदूक थोडीच धरायचीया."

मी कसू लागलो. फुली वाकली, करकरली, स्प्रिंगा हळूहळू बसू लागल्या. नट झिजलेल्या आट्यांपर्यंत आला तेव्हा पाना एकदम हलका फिरला. हात थांबला माझा. पुढं कसावा तर आटे सुटतील, मागं घ्यावा तर सगळं पुन्हा. मोटारीतले प्रवासी रस्त्याकडेला बसले होते तेही उठून उभे राहिले. मला फक्त आबांचा मिटलेला डोळा दिसत होता.

तेवढ्यात मागून आई आली. हातात आबांचं काळं घोंगडं.

"ह्ये टाका वर," ती म्हणाली. "त्यांच्यावर टाकाया कुणी न्हवतं."

तिनं स्वतःच ते दुहेरी करून क्लचवर टाकलं आणि कडा दोन्ही हातांनी दाबून धरल्या. तोंड माझ्यापेक्षाही जवळ. मी ओरडलो, लांब हो म्हणून. ती हलली नाही. मी घोंगड्याखाली चाचपून अर्धा फेरा दिला, आणि फुलीचं एक टोक घसरलं. घोंगड्यात धप्पकन काहीतरी आदळलं. आईचे हात उडाले, परत तिथंच बसले. उचलून बघितलं तर तुटकी स्प्रिंग टोपणाच्या फटीतून सुटून लोकरीत गुरफटलेली. कुणाला काही झालं नव्हतं. झिजलेले आटे टाळायला बोल्टाच्या डोक्याखाली दोन जाड वायसर म्हणजे लोखंडी चकत्या घातल्या, फुली नीट बसवली, पुन्हा कसलं. या वेळी नट चांगल्या आट्यांवर चढला आणि धरून राहिला. टोपणाचे नट काढले, दाब हळूहळू सोडून तुटकीच्या जागी डब्यातली जुनी स्प्रिंग घातली, पुन्हा दाबून नट आवळले.

क्लच, गिअरबॉक्स परत चढवून मोटार निघाली तेव्हा दादा मागच्या बाकावर होता. आईनं त्याच्या हातात भाकरीचं फडकं दिलं.

"फुडल्या दसऱ्याला येतो," तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली. एवढंच.

रेल्वे त्याला मिळाली. तसं त्याचं कार्डही आलं. पुढचा दसरा यायच्या आधी ब्रह्मदेशातून तार आली.

त्या वर्षीची खंडेनवमी. घरात कुणाला सण करायचा नव्हता, पण हत्यारं उपाशी ठेवायची नाहीत म्हणून आईनं पाट मांडला. मी एकेक वस्तू आणून देत होतो. आबांचा शिकंजा तिनं मांडला. मग मी पाट्याच्या पानांचा तो नवा शिकंजा आणला. तार आल्यापासून मनात साठलेलं तेव्हा तोंडातून निघालं.

"आई, म्या ह्यो केला नसता तर..."

"तर भगोड्याची आय झाले असते," ती म्हणाली. "तू केलंस त्ये बराबर केलंस." मग ती झेंडूच्या पाकळ्या सारख्या करू लागली. "म्या देवीकडं लय न्हवतं मागितलं. एक दिस मागितला व्हता."

मी शिकंजा पाटावर ठेवायला वाकलो, तर तिनं माझा हात धरला.

"ह्यो नगं. ह्यो भाईर ऱ्हाऊ दे, जागा."

"आता कुनासाठी?"

"कुनाचं तरी लेकरू घरला यायचं आसंल," आई म्हणाली. "वाटंत मोटार अडली तर?"

मी तो उचलून शेडमध्ये नेला आणि रस्त्याच्या बाजूला ठेवला.