पूर्ण किमतीची दुर्बीण

पिशवीत ठेवली तर काच फुटेल या धास्तीने दुर्बीण गळ्यात अडकवूनच मी पुण्याहून एस.टी.त बसलो. पक्षी बघायला दुर्बीण लागते हे मला मान्य होतं; दीड महिन्याच्या पगाराची लागते का, एवढाच प्रश्न होता. दुकानदाराने किमतीत एक पैसा सोडला नव्हता. "पंधरा दिवस वापरा, नाही पटली तर परत आणा," एवढीच काय ती सवलत. घरी बायको म्हणाली, "डोळे धड आहेत ना तुमचे?"

परभणीला सकाळी उतरलो. स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या होत्या. आता त्यातलं काहीच धड वाचता येत नव्हतं. जिंतूरच्या गाडीत शेजारच्या म्हाताऱ्याने दुर्बीण चाचपून पाहिली.

"फोटू काढायचं हाय का?"

"नाही, दुर्बीण आहे. पक्षी बघायला."

"पाखरं?" त्याने खिडकीबाहेर तारेवर बसलेल्या चार-पाच होल्यांकडे हनुवटीने खूण केली. "ती तर दिसायलीत की."

मला पाहायचे होते ते पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. थंडीत ते हिमालय ओलांडून येलदरीच्या जलाशयावर उतरतात, असं ऐकून होतो. माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे मामा, नामदेवराव, जलाशयाच्या काठी शेती करत. त्यांच्या आखाड्यावर (शेतातल्या घरी) माझी सोय झाली होती.

नामदेवराव साठीचे, उंच आणि कमी बोलणारे. वरच्या रानात त्यांची ज्वारी होती आणि खाली पाण्यालगत गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी). गाळपेरीत हरभरा होता. निम्म्या रानात त्याचे शेंडे कुणीतरी कापून नेल्यासारखे दिसत होते. जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि ठेचा होता. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ते प्रथमच हसले. मग हरभऱ्याचा विषय निघाला आणि हसू गेलं.

"मेंढरांनी खाल्लं. पाण्यावर न्यायची वाट बांधावरूनच हाय. लय इमानदार समजत होतो मी त्यांना."

मेंढरं मारोती आणि गंगाबाई या जोडप्याची. दर हिवाळ्यात ती दोघं साठेक मेंढरं घेऊन येत आणि नामदेवरावांच्या रानात बसवत. मेंढरं बसवायची म्हणजे रात्री रानात जाळी लावून कोंडायची. लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं आणि मेंढपाळाला त्याबद्दल ज्वारी. यंदा नामदेवरावांनी आठ दिवसांपूर्वी गावात सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की ही माणसं चोर आहेत, यांची मेंढरं कुणी बसवू नका. गावाने ऐकलं. उद्या ती दोघं ज्वारीविना पुढच्या मुक्कामाला निघणार होती.

संध्याकाळी गंगाबाई आखाड्याच्या दारात आली. ती आत आली नाही.

"मालक, धा वर्सं झाली तुमच्या रानात बसवायलोत. एक पान तोडू दिलं का कवा?"

"मंग कुनी खाल्लं? भुतानं?"

ती निघून गेली. मी पाहुणा, मी भाकरीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमाराला मी आखाड्यामागच्या उंचवट्यावर जाऊन बसलो. अर्ध्या मैलावर खाली पाणी, त्याच्या अलीकडे राखी रंगाचं काहीतरी हलत होतं. दुर्बीण लावली. शंभरावर पट्टकदंब! डोक्यावरचे पट्टे मोजता येत होते. आनंद झाला हे लपवण्यात अर्थ नाही. मोठ्याने ओरडावंसं वाटलं. मग ते कशात चालताहेत हे ध्यानात आलं. माना खाली घालून, ओळीने, ते हरभरा खुडत होते.

नामदेवरावांना उठवून आणलं. ते रोज उन्हं वर आल्यावर खाली उतरत, तोवर पाखरं खोल पाण्यात गेलेली असत. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"पाखरंच हायत," ते म्हणाले. दुर्बीण परत दिली. "पन पाखरं खायलीत एवढंच ह्याच्यात दिसतं. मेंढरांनी न्हाई खाल्लं, ते कुठं दिसतं?"

तरी त्यांनी मारोती-गंगाबाईला हाक मारली. जाळी घोड्यावर लादून झाली होती. मी गंगाबाईपुढे दुर्बीण धरली.

"मला नगं ते. मला रानात पाय ठिवू द्या," ती म्हणाली. आठ दिवस तिला नामदेवरावांच्या रानात यायला बंदी होती.

आम्ही खाली पोचेपर्यंत हंस उडाले होते. रानात विष्ठेच्या बोटाएवढ्या हिरवट कांड्या जागोजागी पडल्या होत्या.

"हे बगळ्याचं. काठाला असतंच," नामदेवराव म्हणाले.

"बगळा मासे खातो, त्याचं चुन्यावानी पांढरं असतं." गंगाबाईने एक उचलून मोडली. आत नुसता पाल्याचा चोथा होता. "आन् साठ मेंढरं इथं चरून गेली म्हन्ता, मंग लेंडी कुठं हाय? ज्या खतासाठी आमाला जवारी देता, ते एक दिवस तरी पडलं असतं का न्हाई?"

या बांधापासून त्या बांधापर्यंत वाकून वाकून नामदेवरावांनी सगळं रान पाहिलं. आम्ही तिघं उभे. परत आले ते रिकाम्या हाताने, आणि तिच्याकडे न बघता मारोतीला म्हणाले, "जाळी उतरव. वरच्या रानात बसवा."

मारोती लगेच घोड्याकडे वळला. गंगाबाई हलली नाही.

"गावात बोललात ते?"

"सांगतो गावात."

"कवा?"

"आजच," नामदेवराव म्हणाले. मग ती निघाली.

त्यांनी खरोखर सांगितलं. दुपारी पारावर चार माणसांत उभे राहून ते म्हणाले, "गल्ती माझी हाय." ते ऐकूनच मी जिंतूरची गाडी धरली.

दुर्बीण मी परत केली नाही. एवढ्या किमतीची घ्यावी का, असं कुणी विचारलं तर सांगतो, काच उत्तम आहे, अर्ध्या मैलावरच्या हंसाच्या डोक्यावरचे पट्टे मोजता येतात. पुढचं सहसा सांगत नाही. पोचलो त्याच दिवशी, तिन्हीसांजेच्या आधी, मी दुर्बीण डोळ्यांना लावून त्याच हरभऱ्यातून तासभर हंस शोधत फिरलो होतो. चपलेला हिरवट काहीतरी चिकटलं होतं. ते मी बांधावर घासून पुसून टाकलं आणि पुन्हा लांब पाण्याकडे बघायला लागलो.