चिंचेनं घासलेला रुपया

माझ्या अंगात धीर नाही. चहाला नीट उकळी यायच्या आत मी तो गाळते. नाणी जमवायचा नाद लागला तेव्हाही नाणी हातात येण्याआधी त्यांच्याबद्दलची भांडणं सुरू झाली. मोबाईलवरच्या संग्राहकांच्या ग्रुपमध्ये मंडळी सारखी 'लस्टर' आणि 'मिरर' म्हणत. चमक ती चमक, तिला इतकी नावं कशाला, असं मला वाटायचं. तरी एकदा राहवलं नाही आणि ठोकून दिलं: माझ्या मायकडे निजामाच्या काळातला चारमिनारचा चांदीचा रुपया आहे आणि तो पक्का मिरर आहे, त्यात तोंड दिसतं.

त्या ग्रुपमध्ये नांदेडचे एक निवृत्त केमिस्ट्रीचे प्राध्यापक आहेत. सगळे त्यांना 'सर' म्हणतात. त्यांनी एवढंच लिहिलं, "प्रदर्शनाला घेऊन या. बघू."

मी लगेच चाकूरला मायला फोन लावला. तुझा रुपया नांदेडच्या प्रदर्शनात काचेत मांडणार आहेत, म्हणून सांगितलं. 'बघू' तेवढं गाळलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी मायच्या गल्लीभर झाली होती. आता रुपया काचेत गेला नाही तर तोंड मायला लपवावं लागणार होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी लातूरहून एसटी पकडली. वाटेत चाकूरच्या स्टँडवर माय उभीच होती. खिडकीतून तिनं फडक्यात गुंडाळलेला रुपया दिला.

"चिंच अन् रांगोळी लावून कालच लख्ख केला बघ. चार लोकं बघणार, कुणी नाव ठिवाया नको."

गाडी हलली तसं मी फडकं सोडलं. रुपया झगझगत होता. ग्रुपमध्ये कुणीतरी युक्ती सांगितली होती की छापील कागद नाण्यासमोर उभा धरायचा आणि अक्षरं किती लांबून नाण्यात वाचता येतात ते पाहायचं. मी तिकीट धरलं. बोटभर अंतरावरून अक्षरं दिसत होती! अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी फडकं सोडतच होते आणि बांधतच होते. शेजारच्या बाई शेवटी वैतागून उठून दुसरीकडे बसल्या.

नांदेडला उतरून थेट सरांचं घर गाठलं. त्यांनी टेबलावरचा दिवा लावला आणि आधी स्वतःचा तसलाच रुपया माझ्या हातात दिला. तो करडा, तपकिरी, अगदीच मळकट दिसत होता.

"दिव्याखाली कलता करा," ते म्हणाले. मी हिसक्यानं फिरवला. "आहिस्ता, मॅडम. आहिस्ता."

जरा हळू कलवला आणि त्या मळकट नाण्यावर उजेड चालायला लागला. बैलगाडीच्या चाकाचे आरे फिरावेत तसे प्रकाशाचे पट्टे गोल फिरले.

"ठसा बसताना दाबानं चांदी वाहते," सर म्हणाले. "तिच्या बारीक रेघांवरून उजेड असा फिरतो. हे लस्टर. एकदा घासलं की गेलं, पुन्हा येत नाही. मिरर वेगळा. त्यात टाकसाळीतला ठसाच गुळगुळीत केलेला असतो. म्हणून नाण्याचा सपाट भाग आरसा होतो, वरचं चित्र मात्र बहुतेक वेळा पांढुरकं राहतं."

मग त्यांनी मायचा रुपया कलवला. चारमिनार, अक्षरं, मोकळी जागा, सगळं सारखंच चमकत होतं. उजेड एका जागी ठाण मांडून बसला होता, हलायला तयार नव्हता. भिंगातून पाहिलं तर दाही दिशांना ओरखडे.

"हा आरसा टाकसाळीचा न्हाई, मॅडम. घरचा हाय."

"मग काय, फेकून देऊ?" मी चिडूनच म्हणाले.

"मांडू की. पण कार्डावर 'घासलेला' लिहावं लागेल."

घासलेला! जसा काही तवाच. मी त्यांच्या अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मायचा फोन वाजत होता, तो उचलवेना. जिनं अब्रूसाठी चिंच लावली, तिच्या त्याच मेहनतीला चार लोकांत खोट म्हणायचं, याचा मला संताप येत होता आणि रडूही येत होतं. कार्डं लिहिली, फाडली. शेवटी लिहिलं: 'हैदराबाद संस्थानचा चांदीचा रुपया. घासलेला. चाकूरच्या एका घरात, दरवर्षी लक्ष्मीपूजनाला, चिंचेनं.'

सरांनी ते वाचलं आणि रुपयाशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी माय सकाळच्या गाडीनं आली. आधी तिनं इतरांची नाणी पाहिली, सगळी काळी-करडी.

"ह्यांच्या घरी चिंच मिळत न्हाई का?" तिनं मोठ्यानं विचारलं. सर तोंड फिरवून हसले.

मग ती आमच्या रुपयापाशी आली आणि कार्ड वाचायला लागली. माय एकेक अक्षर लावून वाचते. मी काचेवर हात टेकून उभी राहिले. 'घासलेला'वर ती अडखळलीसुद्धा नाही. पुढे जाऊन थांबली.

"हे चुकलं बघ."

"काय?"

"दरवर्षी न्हाई. तुझे बाबा गेले त्या साली दिवाळी कुठं केली आपण? डब्यातच होता. लई काळा पडला." मग म्हणाली, "पुढल्या साली घासाया बसले तर हात थांबंना माझा."

मला काल भिंगातून पाहिलेले ओरखडे आठवले. सरांनी न विचारता काचपेटीची चावी पुढे केली. मी कार्ड काढलं आणि 'दरवर्षी'च्या आधी बारीक अक्षरात लिहिलं: एक दिवाळी वगळून.

मायनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग काचेवर माझ्या हाताचे डाग उठले होते, ते तिनं पदरानं पुसून काढले.