शेजारचं काउंटर

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका मोठ्या दुकानात मी नऊ वर्षं फ्रिज दाखवायचं काम केलं. दुकान दुसऱ्याचं, पगार कंपनीचा. आमची कंपनी टीव्ही, एसी, मोबाइल, मिक्सर, सगळंच बनवायची, त्यामुळे दुकानाची अर्धी भिंत आमचीच असे. कंपनीचा शर्ट घालून बसमध्ये चढले की लोक मला वॉरंटीचे प्रश्न विचारत, आणि मी माहेरची बाजू घ्यावी तशी उत्तरं देई.

मग नव्या कंपन्या आल्या. स्वस्त, चकचकीत, बसल्या जागी मोबाइलवर मागवता येणाऱ्या. गिऱ्हाईक आमच्या फ्रिजचं दार उघडून बघायचं, फोनवर भाव बघायचं आणि निघून जायचं. शेजारच्या काउंटरवर अशाच एका नव्या कंपनीची बाई लागली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, रोज कामठीहून यायची. पहिल्याच दिवशी तिनं डबा माझ्यापुढे सरकवला.

"खाऊन पाह्य वं. आमचा फ्रिज नको घेऊ, पण भाजी तं घे."

आमच्या कंपनीचे साहेब दर आठवड्याला येत. एकदा म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक तिकडे का जातं हे वरच्या लोकांना कळत नाही, तुम्हाला कळतं. लिहून द्या. तुमच्या नावानं वर पाठवतो."

मी ते फार मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांची घरं धुंडाळली. हुडकेश्वरच्या एका बाईनं उन्हाळ्यात पाण्याच्या मोठ्या बाटल्या मावेनात म्हणून दाराचा कप्पाच कापून काढला होता. वाडीला गोदामात काम करणारे चौघे एका खोलीत राहत. त्यांच्या फ्रिजमध्ये कुलूप लावता येईल असा कप्पा नव्हता, आणि एकाचं दूध दुसरा पिऊन जाई. मी सगळं लिहिलं, जमतील तशी चित्रंही काढून दिली.

साहेबांनी आणखी एक काम सांगितलं. शेजारच्या काउंटरची दिवाळीची स्कीम आधी कळली तर बरं होईल. ती हात धुवायला गेली तेव्हा तिच्या टेबलावरच्या कागदाचा मी फोटो काढला. कंपनीसाठीच तर करतेय, असं मनाशी म्हटलं. दोन दिवसांत आमची स्कीम तिच्याहून वरचढ लागली. तिची विक्री बसली आणि दिवाळीनंतर तिला कामावरून काढलं. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "जेवण वेळेवर करत जाय."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका हॉटेलात कंपनीचा कार्यक्रम झाला. नव्या फ्रिजवरचं कापड काढलं. दारात मोठ्या बाटल्यांची जागा, आत कुलपाचे कप्पे. आता नाव घेतील म्हणून मी पदर सारखा केला. साहेब माइकवर म्हणाले, "यासाठी मी स्वतः नागपुरात घरोघर फिरलो." मग त्यांची बढती जाहीर झाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हात थांबवायचं सुचलंच नाही.

जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं. "साहेब, माझं नाव?"

"ताई, असं काम टीमचं असतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे मॉडेल फक्त ऑनलाइन विकणार आहोत. स्पर्धाच तशी आहे. काउंटर बंद होतील. तुम्ही आत्तापासून दुसरीकडे बघून ठेवा."

मी ताट तिथंच ठेवलं आणि घरी आले. नऊ वर्षं ज्यांची बाजू घेतली, त्यांना माझं नाव एकदाही घ्यावंसं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी कामठीची बस धरली.

ती दारातच गहू निवडत बसली होती. मी आधी फोटोचं सांगितलं, मग बाकीचं.

"मले माहीत होतं," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "कागद मी पालथा ठेवला होता. आली तं सुलटा."

"मग बोलली काहून नाही?"

"काय बोलू वं? तुले ते कंपनी घरची वाटून राहिली होती."

तिनं चहा केला. निघताना तिनं 'पुन्हा ये' म्हटलं नाही, आणि मलाही 'येते' म्हणवलं नाही.