दुधनीच्या पाहुण्यांपुढे स्पॅनिश

बी. ए. झाले आणि सोलापुरात घरात बसून राहिले. सत्तरच्या दशकात पोरीनं आणखी काय करायचं? स्थळं यायची, पोहे खाऊन जायची. मला नुसता वैताग आला होता. पुण्याच्या मामानं मला पोस्टानं चालणाऱ्या स्पॅनिशच्या वर्गाला घातलं. शेवटची परीक्षा पुण्याला होती आणि पास झाले तर मामाच्या ओळखीनं तिथंच भाषांतराचं काम. त्या घरातून बाहेर पडायला मला तेवढी एकच वाट होती.

तेव्हा अपूर्ण भूतकाळाचा धडा चालू होता. आपण 'मी बोलायचे, तू बोलायचास' म्हणतो ना, तसा. नियमित क्रियापदांचं काही अवघड नाही. बोलणे म्हणजे आब्लार. शेवटचं 'आर' काढायचं, 'आबा' लावायचं. 'एर' आणि 'ईर'वाल्यांना 'ईआ'. मी भाकरी थापता थापता घोकायची : आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस... आई म्हणायची, "तुझ्या त्या आब्लाबापायी भाकरी करपली बघ."

अशात दुधनीचं स्थळ आलं. आडतीचं दुकान, मुलगा एकुलता एक. मला तिकडं जायचंच नव्हतं. मी पाटावर बसले. मुलाच्या वडलांनी रीतीप्रमाणं विचारलं, "काय काय येतं तुला? एखादं स्तोत्र म्हण की."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता असं काही ऐकवते की पुन्हा या गल्लीत पाऊल टाकणार नाहीत. मान वर केली, सरळ त्यांच्याकडं बघत तीन क्रियापदं घेतली आणि प्रत्येकाची सहाच्या सहा रूपं एका दमात म्हणून टाकली. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाठांतर लई चांगलं हाय," ते बायकोला म्हणाले. "एकदा बी अडली न्हाय. पोरगी हुशार हाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथंच सुपारी फुटली. मुहूर्त निघाला तो परीक्षेच्या आठवडाभर आधीचा.

साखरपुड्याच्या दिवशी धीर करून मी होणाऱ्या सासूबाईंना विचारलं, "लग्न झाल्यावर दोन दिवस पुण्याला परीक्षेला जाऊन येऊ का?"

बाई मायाळू होत्या. माझ्या खांद्यावरचा पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "आता कशाला गं परीक्षा? आमी पसंत केलं की."